रेवडीची कुस्ती

(द्वितीय वर्ष, कला)

चैत्र-वैशाख आला की आपल्या कर्जत तालुक्यात गावोगाव जत्रांना सुरुवात होते. ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, राने मोकळी झालेली असतात आणि घर पाहुण्यारावळ्यांनी भरलेले असते. पहिल्या रात्री देवाचा छबिना निघतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलले की कुस्त्यांचा हगामा भरतो. गावाबाहेरच्या नांगरलेल्या रानात ढेकळे फोडून, पाणी शिंपडून माती सारखी केलेली असते. हलगी कडाडू लागते, फेटे बांधलेले पंच मध्ये येतात आणि माणसांचे कडे हळूहळू दाट होत जाते.

पहिला मान लहान पोरांचा. पंच दोन पोरांचे हात धरून कड्याभोवती फिरवतो आणि ओरडतो, ‘जोड पाहून घ्या!’ या कुस्त्यांना जुनी माणसे अजूनही रेवडीच्या कुस्त्या म्हणतात. पूर्वी जिंकणाऱ्याच्याच नव्हे तर हरणाऱ्याच्याही ओंजळीत मूठभर रेवड्या पडत, असे माझे आजोबा सांगत. आता रेवड्या गेल्या आणि नोटा आल्या. पन्नासाची, शंभराची, पोर चपळ निघाले तर पाचशेचीसुद्धा. आणि आता नोट मिळते ती फक्त जिंकणाऱ्याला.

गेल्या वैशाखात अशाच एका हगाम्यात माझा धाकटा भाऊ उतरला. वय वर्षे बारा, सहावी पास. त्याच्यासमोर जो मुलगा उभा केला, त्याच्या ओठावर मिसरूड फुटलेली होती. मी पंचांना म्हणालो, ‘जोड बरोबर नाही.’ पंच म्हणाले, ‘अरे, उंचीला सारखीच आहेत की पोरं.’ लोक हसले आणि हलगी वाजली. भाऊ तीन-चार मिनिटे टिकला. मग खाली आला, हाताचे कोपर अंगाखाली सापडले आणि तो कळवळला. वस्ताद कड्याबाहेरून ओरडले, ‘उठ, काही झालं नाही!’

घरी जाताना वडील त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री अंगणात झोपल्यावर तो मला हळूच विचारू लागला, ‘दादा, उद्यापासून माझं दूध बंद होईल का रे?’

मित्रहो, हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहीत आहे. मी कुस्तीतला जाणकार नव्हे. पाच वर्षे तालमीची माती अंगाला लावून घेतलेला आणि आता रोज एस.टी.ने कॉलेजला येणारा एक विद्यार्थी आहे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. तेव्हा माझ्या बोलण्यात उणे-अधिक झाले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम दुधाचा हिशेब सांगतो, कारण आमच्या भागातली कुस्ती तिथूनच सुरू होते. घरी दोन जर्सी गाई. सकाळ-संध्याकाळचे दूध डेअरीला जाते आणि दहा दिवसांनी जो पगार होतो, त्यात किराणा आणि पेंड भागते. मी तालमीत जाऊ लागलो तेव्हा वडिलांनी रोजचे दोन लिटर दूध माझ्या खुराकासाठी मागे ठेवले. म्हणजे महिन्याला साठ लिटर. तेवढे पैसे डेअरीच्या पगारातून कमी झाले. माझ्या पाठची बहीण त्या काळात चहावरच वाढली. हे तेव्हा मला कळले नाही. तिलाही कोणी विचारले नाही. दूध हे प्रेमाने दिलेले होते, पण ते उधारही होते. त्याची परतफेड जत्रेच्या मातीत, जिंकून करायची होती. माझा खांदा गेला तेव्हा कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दोन लिटर पुन्हा कॅनमध्ये गेले, एवढेच. माझ्या भावाने हे सारे पाहिले आहे. म्हणून त्याचा प्रश्न भाबडा नव्हता.

आता माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगतो. तेराव्या वर्षी मी अंगाने लवकर भरलो. माझ्या वयाची मुले किडकिडीत होती. मी त्यांच्या मानेवर भार टाकून त्यांना खाली बसवीत असे आणि दाबून चीत करीत असे. एका मोसमात मी बऱ्याच कुस्त्या मारल्या. वस्ताद खूश, वडील खूश, गावही खूश. मात्र त्या वर्षात मी एकही नवा डाव शिकलो नाही. शिकायची गरजच पडली नाही. माझ्याबरोबर एक बारीक मुलगा होता. तो सारखा हरायचा, पण त्याचा एकेरी पट इतका सफाईदार होता की पाहत राहावे. हरतो म्हणून त्याला हगाम्याला नेत नसत. नेत नसत म्हणून तो मागे मागे बसू लागला आणि एक दिवस यायचा बंद झाला. सतराव्या वर्षी त्याची उंची माझ्याहून चार बोटे जास्त झाली. तोपर्यंत त्याने लंगोट कधीच खुंटीला टांगला होता. आमच्या तालमीने दोन पैलवान घालवले. एक हरत होता म्हणून, आणि दुसरा जिंकत होता म्हणून.

दुसरा म्हणजे मीच. पंधराव्या वर्षी शालेय स्पर्धेला माझे वजन दीड किलो जास्त भरत होते. ‘उतरवू,’ असे मला सांगण्यात आले. दोन स्वेटर घालून उन्हात पळायचे, पाणी प्यायचे नाही, तोंडाला कोरड पडली तर चूळ भरून थुंकायचे. वजन उतरले. पहिल्याच कुस्तीत डोळ्यांपुढे अंधारी आली, मी वेडावाकडा पडलो आणि खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला, तो पुन्हा निसटला. त्यानंतर मी तालमीत गेलो नाही. ‘का येत नाहीस?’ असे विचारायला कोणी आले नाही. माझी जागा दुसऱ्याने घेतली होती.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. माझे वस्ताद दिवसभर शेतात राबून संध्याकाळी तालीम उघडत. एक पैसा फी घेत नसत. मातीत घालायला तेल, ताक, हळद कमी पडली तर स्वतःच्या घरून आणत. अशा माणसाकडे बोट दाखवणारा मी कोण? परंतु त्या माणसाला त्याच्या वस्तादाने जे शिकवले, तेच त्याने आम्हांला शिकवले. आणि गाव त्याची किंमत एकाच मापाने करते, ते म्हणजे ‘यंदा तुमच्या पोरांनी किती कुस्त्या मारल्या?’ माप चुकीचे असले की प्रामाणिक माणसाच्या हातूनही चुकीचे काम होते. माझे भांडण त्या मापाशी आहे.

२०२५ साल आपल्या जिल्ह्याला कुस्तीचे वर्ष म्हणूनच लक्षात राहील. जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. पृथ्वीराज मोहोळ याने गदा उंचावली. मार्चच्या अखेरीस आपल्या कर्जतमध्ये दुसरी महाराष्ट्र केसरी झाली. सोलापूरच्या वेताळ शेळके याने पृथ्वीराज पाटील याच्यावर मात करून गदा जिंकली. राज्यात कुस्तीच्या संघटना दोन झाल्या, म्हणून एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, दोन गदा! आपल्यापैकी कितीतरी जण कर्जतच्या त्या गर्दीत होते, मीही होतो. लाख मोलाची बक्षिसे, दिव्यांचा झगमगाट, जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचणारे लोक. अंगावर काटा आला, हे खोटे कशाला सांगू?

परंतु त्याच वर्षी अहिल्यानगरच्या मैदानात पंचाच्या निर्णयावरून एका नामवंत मल्लाने पंचाला लाथ मारली, अंतिम लढतही वादात सापडली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. लोक म्हणाले, पैलवान बिघडले. मला वाटते, विशी-पंचविशीतला पैलवान त्या एका दिवसात बिघडत नाही. दहाव्या वर्षापासून ज्याला ‘हरलास तर तोंड दाखवू नकोस’ एवढेच ऐकू आले, त्याला हार कशी घ्यावी हा डाव कोणी शिकवला आहे का? आपण ढाक शिकवतो, कलाजंग शिकवतो, धोबीपछाड शिकवतो. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेऊन मातीबाहेर यायचे मात्र शिकवायचे राहून जाते.

आणि गदा दोन असोत की चार, त्यांच्या पायाशी काय चालले आहे ते कोण पाहणार? गदा हा कळस. पाया म्हणजे ती रेवडीची कुस्ती. कळसाला सोन्याचा पत्रा आणि पायात भुसभुशीत माती, अशी ही इमारत आहे.

या ठिकाणी खाशाबा जाधवांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. घरात कुस्ती होती, वडील पैलवान होते. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या पैलवानाला तेथे गादीवर आणि परक्या नियमांनी लढावे लागले. तरीही ते सहावे आले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तेथे शिकवले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही कथा आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण तिच्यातला एक तपशील आपण विसरतो. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेली लांबलचक लढत संपते न संपते तोच खाशाबांना दुसऱ्या कुस्तीला उभे केले गेले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ते ठणकावून सांगायला त्यांच्या बाजूने एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. ज्या खेळाडूचे शरीर पोलादी होते, त्याच्या कडेला उभे राहून ‘थांबा, याला दम घेऊ द्या’ म्हणणारा माणूस नव्हता. मला वाटते, प्रशिक्षक या शब्दाचा खरा अर्थ येथे आहे. डाव शिकवणारा तो वस्ताद खराच; पण पोराच्या वतीने ‘थांबा’ म्हणतो तो अधिक खरा. माझ्या भावाच्या कुस्तीत ‘उठ’ म्हणणारे शंभर होते, ‘थांबा’ म्हणणारा एकही नव्हता. मी एकदा म्हणालो आणि हलगीत माझा आवाज विरून गेला.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत ब्राँझ मिळवले. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला; २००९ मध्ये तो तेथे दाखल झाला होता. म्हणजे पंधरा वर्षे कोणीतरी त्याची वाट पाहिली. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. जामखेड ओलांडून पुढे गेले की बीड जिल्ह्यातले पाटोदा लागते. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. तेथला राहुल आवारे पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली वाढला आणि पुढे काका पवारांकडे शिकला. २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ब्राँझ. सव्विसाव्या वर्षी! आणि आपण बाराव्या वर्षी पोराचा निकाल लावून मोकळे होतो. सव्विसाव्या वर्षाचे फळ हवे असेल तर बाराव्या वर्षी झाड हलवून कैऱ्या पाडू नयेत, हे शेतकऱ्याच्या पोरांना वेगळे सांगायला हवे काय?

जगात इतरत्र काय चालते ते वाचनालयात वाचताना मला एक मौजेची गोष्ट सापडली. आपल्याकडे बर्फ पाहायला मिळतो तो जत्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर. पण अमेरिकेत, कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात आणि त्यात एकमेकांना अंगाने धडक मारणे हा खेळाचाच भाग आहे. मोठा मर्दानी खेळ. त्या अमेरिकेच्या आइस हॉकी संघटनेने २०११ साली ठरवले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सामन्यात धडक मारू द्यायची नाही. आधी त्यांनी बर्फावर सरकायला आणि चेंडूच्या जागी असणारी ती चकती खेळवायला शिकावे. धडक पुढेही शिकता येते, फुटलेले डोके पुन्हा जोडता येत नाही. नॉर्वे या लहानशा देशात तर १९८७ पासून मुलांच्या खेळाची नियमावली आहे; अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांची गुणतालिकाच तेथे लावत नाहीत. असे लाड करून मुले मऊ होतात म्हणावे, तर २०१८ आणि २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतालिकेत पहिला नंबर नॉर्वेचाच!

ही झाली गोऱ्या, श्रीमंत देशांची गोष्ट, असे कोणी म्हणेल. मग जपानकडे पाहा. ज्युदो ही आपल्या कुस्तीची सख्खी मावसबहीण. शिस्तीत आणि कष्टात जपानी माणूस कोणाला हार जाणार नाही. त्या जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ साली प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कारण काय? तर विजयाचा हव्यास वाढला होता. लहान मुलांना वजन उतरवायला लावले जात होते. पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडत होते. हे वाचले तेव्हा मला वाटले, कोणीतरी आमच्या जत्रेचेच वर्णन जपानी भाषेत लिहिले आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. साऱ्या देशाने हळहळ केली. तिच्याजवळ डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. ती कर्ती बाई होती आणि आपण काय करतो आहोत हे तिला ठाऊक होते. तरीही शरीराने ऐकले नाही. मग वाढत्या वयाच्या पोराला दोन स्वेटर घालून उन्हात पळवणारे आपण कोणत्या शास्त्राच्या आधारावर पळवतो? पोर वाढते आहे म्हणून त्याचे वजन वाढते. ते उतरवणे म्हणजे पिकाची वाढ नको म्हणून पाणी तोडणे.

आता माझ्या म्हणण्याला जे उत्तर मिळेल, तेही मला माहीत आहे. पहिले उत्तर असे, की कुस्ती हा रांगडा खेळ आहे. माती खाल्ल्याशिवाय पैलवान होत नाही. मान्य. हरू नये असे मी म्हणतच नाही. उलट पोराने पुष्कळ हरावे, पण शिकत हरावे. दीडपट वजनाखाली चेंगरून हरण्यात शिकण्यासारखे काय आहे? दुसरे उत्तर अधिक कठीण आहे, आणि ते माझ्या वडिलांनीच मला दिले. ते म्हणाले, ‘पाचशे रुपये म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी असते. पोराने पाच मिनिटांत आणली तर वाईट काय?’ या प्रश्नापुढे मी गप्प बसलो. ज्या घरात पाचशेची नोट मोजून खर्च होते, तेथे तत्त्वज्ञान सांगू नये. पण नंतर मी हिशेब केला. पाच वर्षांत माझ्यावर झालेला दुधाचा, बदामाचा, औषधाचा खर्च एका बाजूला आणि मी जिंकलेल्या नोटा दुसऱ्या बाजूला मांडल्या, तर नोटा दुधालाही पुरल्या नाहीत. लहान पोराची कुस्ती हा धंदा म्हणूनही आतबट्ट्याचा आहे. ती शिक्षण म्हणून केली तरच परवडते.

मग करायचे काय? नुसती टीका करून मोकळे होणे हे आपल्या पिढीचे व्यसन आहे. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट काट्याची. आपल्या गावागावांत कांद्याची गोणी मोजायला काटा असतो. पाच-पन्नास ग्रॅमवरून आपण व्यापाऱ्याशी भांडतो. मग जत्रेत पोरांच्या जोडी लावताना तोच काटा मातीच्या कडेला आणून ठेवायला काय हरकत आहे? कांद्याला काटा आणि पोराला नजर, हा कोणता न्याय? वजन आणि वय पाहून जोड लावावी. जोड जमत नसेल तर कुस्ती लावू नये.

दुसरी गोष्ट रेवडीची. चौदा वर्षांखालच्या पोरांना नोटा देणे गावाने बंद करावे. हौशी माणसांना पैसे द्यायचेच असतील तर ते तालमीच्या नावाने जमा करावेत आणि त्यातून सगळ्या पोरांना दूध मिळावे. जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला सारखेच. मातीत उतरलेल्या प्रत्येक पोराच्या ओंजळीत रेवडी पडावी. आजोबांची पिढी हे करीत होती. मी काही नवे सांगत नाही.

तिसरी गोष्ट वस्तादांची. पतियाळा येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. तेथे प्रशिक्षकांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. आमच्या वस्तादांना घरदार आणि शेत सोडून पतियाळाला जाणे कसे जमणार? पण तेथे शिकून आलेला एखादा प्रशिक्षक आपल्या तालुक्याला चार दिवस येऊ शकतो. दुखापत झाली तर काय करावे, काय करू नये. वाढत्या वयात जोर-बैठका किती असाव्यात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण कसे मिळतात, हे त्यांना कोणी आदराने सांगितले तर ते ऐकतील. मातीत चीत होईपर्यंत कुस्ती. गादीवर दहा गुणांच्या फरकाने चीत न होताही हार. हा फरक मुलाला सोळाव्या वर्षी कळून उपयोग नाही. तो १९४८ साली लंडनमध्ये खाशाबांना कळला, तेव्हा इलाज नव्हता, आता आहे. आणि वस्तादांनी एक वही ठेवावी. तिच्यात पोराचे नाव, जन्मतारीख, वजन, दुखापत आणि शाळेतली हजेरी असावी. किती कुस्त्या मारल्या, हा रकाना नसला तरी चालेल.

चौथी गोष्ट मुलींची. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ज्या मातीत बाईची सावली पडू देत नव्हते, त्या खेळात हा बदल आपल्या डोळ्यांदेखत घडला. माझी बहीण आता म्हणते, ‘मला कोणी विचारलंच नाही, नाहीतर मीही लंगडी-खोखोत पोरांना ऐकत नव्हते.’ तिचे हे बोलणे हसण्यावारी नेता येत नाही. घरातले दूध कोणाच्या वाट्याला येते यावरून त्या घरात किती पैलवान होतील ते ठरते, आणि निम्मे तर आधीच बाद झालेले असतात.

शेवटी गुरुजनांना एक नम्र विनंती. आपल्या महाविद्यालयाचे मैदान आणि शारीरिक शिक्षण विभाग रविवारी सकाळी दोन तास आसपासच्या तालमींतील मुलांसाठी खुला करता येईल का? आमच्यासारखे खेळातून बाहेर पडलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. आम्ही मुलांची वजने घेऊ, वह्या लिहू, लहान मुलांच्या कुस्त्यांत पंच होऊ. ज्यांनी खांदे आणि गुडघे घालवले, त्यांना कोठे थांबावे हे चांगले ठाऊक असते. आमच्या अपयशाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

भावाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. कोपर सुजले होते, ते बरे झाले. यंदा त्याला हगाम्यात उतरवायचे नाही, पण तालीम सोडायची नाही, असे मी वडिलांना म्हणालो. वस्तादांना ते रुचले नाही. ‘पोर भित्रं होईल,’ असे ते म्हणाले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर त्यांनी डेअरीच्या कॅनमध्ये ओतायच्या आधी एक लिटर दूध बाजूला ठेवले आणि आईला म्हणाले, ‘दोघांना दे.’

त्या दोघांतली दुसरी माझी बहीण. ती अजूनही चहाच पिते म्हणते, सवय झाली आहे तिला. पण पेला तिच्यासमोर ठेवलेला असतो, आणि अलीकडे तो रिकामा होऊन परत येतो.